डबाभर जुने मोबाइल आणि 'असू दे, लागेल कधीतरी'

पत्र जरा मोठं होतं, थोडं कापून देतेय:

"ताई नमस्कार, नाशिकहून लिहितेय. पुढच्या महिन्यात आम्ही भाड्याच्या घरातून स्वतःच्या फ्लॅटमधे जातोय, त्यामुळे सध्या नुसती आवराआवर चालूये. माळ्यावरून बिस्किटाचा एक मोठा पत्र्याचा डबा निघाला. त्यात सात जुने मोबाइल, लॉकडाऊनमधे मुलाला घेतलेला टॅब, दोन राउटर, एक फुगलेली पॉवर बँक, ट्रिमर, बंद पडलेला ब्लूटूथ स्पीकर, सासूबाईंचं बीपीचं मशीन आणि चार्जर-हेडफोनचा हा एवढा गुंता. मी म्हटलं देऊन टाकू भंगारवाल्याला, तो सगळ्याचे मिळून चारशे देतोय. मिस्टर म्हणतात असू दे, लागेल कधीतरी, शिवाय त्यात आपले फोटो आहेत, बँकेचं आहे, कोणाच्या हाती जाईल काय भरवसा. आणि त्यातला एक मोबाइल सासऱ्यांचा आहे, साधा बटणांचा. ते जाऊन आठ वर्षं झाली पण सासूबाई त्याला हात लावू देत नाहीत. या डब्यावरून घरात दोनदा भांडण झालंय. खरंच एवढ्याशा वस्तूंनी काही फरक पडतो का, आणि मी करू तरी काय? मला अगं-तुगं केलंत तरी चालेल. – तुमची एक वाचक"

अगं, आधी हे सांगते की तुम्ही दोघंही अर्धे-अर्धे बरोबर आहात. हे घरातून निघालं पाहिजे हे तुझं बरोबर, आणि कोणाच्याही हातात असंच द्यायचं नाही हे त्यांचं बरोबर. चुकतंय ते फक्त 'लागेल कधीतरी'. मोबाइल म्हणजे काही पितळेचा डबा नाही, की वीस वर्षांनी माळ्यावरून काढला, चिंच लावून घासला की पुन्हा लखलखीत. मोबाइल नुसता पडून पडून मरतो. बॅटरी आतल्या आत उतरत जाते, फार खाली गेली की मग चार्जच घेत नाही, काही बॅटऱ्या फुगतात, आणि तोवर सॉफ्टवेअर इतकं जुनं होतं की साधी रोजची ॲपसुद्धा चालेनाशी होतात. २०२५ सुरू झालं तसं व्हॉट्सॲपने अँड्रॉइड ४.४चा सपोर्ट बंद केला, म्हणजे तेवढ्या जुन्या फोनची बॅटरी नवीन घातलीस तरी त्यावर व्हॉट्सॲप काही चालणार नाही.

माझ्या घरचं सांगते, २०२० सालचं. शाळा बंद, सगळं ऑनलाइन. आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनची मुलगी तेव्हा सातवीत होती, घरात स्मार्टफोन एकच आणि तो वडिलांबरोबर ड्युटीवर. त्यांनी विचारलं, ताई एखादा जुना मोबाइल असेल का, मी म्हटलं आहेत की, चार आहेत. कपाटाचा खण उघडला, चारही काढले, एकेक करून चार्जिंगला लावले. एकाचं मागचं झाकण फुगलेल्या बॅटरीने उचललं होतं, एक सुरूच झाला नाही, एक सुरू झाला पण त्यावर क्लासचं ॲप उतरेना, आणि चौथ्याचा पासवर्ड घरात कोणालाच आठवेना. यातला एकही बिघडला म्हणून ठेवलेला नव्हता हं, ठेवले तेव्हा चारही चांगले चालू होते, नवीन घेतला म्हणून जुना खणात, एवढंच. ती मुलगी वही घेऊन दारात उभी होती, तो तिचा चेहरा मला अजून दिसतो. तेव्हापासून आमच्याकडे ठरलंय, नवीन फोन घरात आला की महिन्याभरात जुना कोणाच्या तरी हातात गेला पाहिजे.

म्हणून तुझ्या डब्यालाही 'टाकायचं की ठेवायचं' असं विचारू नकोस, 'यातलं आज काय चालतं' हे आधी बघ.

पण त्याच्याही आधी ती पॉवर बँक. हे वाचून झाल्या झाल्या तेवढी डब्यातून बाहेर काढ. फुगलेली लिथियम बॅटरी चार्जिंगला लावून बघायची नाही, दाबायची नाही, टोचायची तर अजिबात नाही, आणि मुलाच्या हाती लागू द्यायची नाही. घरात एखादी मातीची कुंडी किंवा जुनं पत्र्याचं भांडं असेल तर त्यात कोरडी वाळू घाल, त्यात ती ठेव, वरून अजून वाळू टाक आणि भांडं गॅलरीत सावलीत ठेव, जवळ पेपर-रद्दी-कपडे काही नको. आणि कृपा करून घंटागाडीत टाकू नकोस. गाडीत कचरा दाबला जातो, बॅटरी चेपली की आतले पडदे फाटून शॉर्ट होतं आणि पेट घेते. आमच्या गल्लीत कचऱ्याच्या गाडीतून असाच धूर निघाला होता, गाडीवरच्या दोन बायका उडी मारून खाली उतरल्या, आणि मागून निघालं काय तर कोणीतरी ओल्या कचऱ्याच्या पिशवीत घालून दिलेली मोबाइलची बॅटरी. आपण पिशवीला गाठ मारून मोकळे होतो, हात भाजतात ते त्या बायकांचे.

आता बाकीचं. रविवारी सकाळी हॉलमधे पेपर पसर आणि डबा उपडा कर. आणि हे काम मिस्टरांना दे बरं का, तू एकटी करू नकोस. ज्या माणसाला वस्तू टाकवत नाही त्यालाच त्या तपासायला बसवलं की निम्मा प्रश्न तिथेच सुटतो, कारण चार चार्जर लावूनही फोन उठला नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यावर 'असू दे' म्हणणं जड जातं. फोन चार्जिंगला लावताना आधी मागचं झाकण बघायचं, फुगवटा दिसला की तो पॉवर बँकेच्या शेजारी. बाकीचे टेबलावर, डोळ्यांसमोर लावायचे, गादीवर नाही आणि रात्रभर तर नाहीच. वर्षानुवर्षं बंद पडलेला फोन लगेच उठत नाही, अर्धा तास धीर धरा, मग कधीकधी ते बॅटरीचं चिन्ह येतं.

चार्जरच्या गुंत्याचं सोपं आहे. प्रत्येक चार्जरवर बारीक अक्षरात आउटपुट लिहिलेलं असतं, किती व्होल्ट, किती अँपियर, ते मोठ्या अक्षरात कागदी टेपवर लिहून चार्जरला चिकटवायचं. वायर वाकलेली, आतली तार दिसणारी, गरम होणारी असेल तर ती ई-कचऱ्यात. जुन्या चपट्या पिनच्या मायक्रो यूएसबी वायरी मात्र सरसकट काढू नकोस, दोन चांगल्या ठेव. ट्रिमर, टॉर्च, स्पीकर, बीपी मशीन असल्या कितीतरी वस्तूंना अजून तीच लागते. तुझा तो 'बंद पडलेला' स्पीकर आणि ट्रिमर दोन्ही एकदा दुसरी वायर लावून बघ, वस्तू चांगली आणि वायर मेलेली असं फार होतं.

बीपीच्या मशीनचं झाकण उघड, आत सेल राहिलेले असणार आणि स्प्रिंगवर पांढरी भुकटी जमलेली असणार. अल्कलाइन सेल गळले की असं होतं. उघड्या हाताने खरवडू नकोस, सेल काढ, कापसाच्या काडीला लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावून ती भुकटी पूस, मग कोरड्या फडक्याने पूस, चांगलं वाळू दे आणि नवे सेल घाल. बहुतेक वेळा मशीन चालू होतं. फक्त सासूबाईंनी वापरायच्या आधी ते डॉक्टरांकडे घेऊन जा आणि त्यांच्या मशीनशी आकडा ताडून बघ, फार फरक येत असेल तर मात्र त्याचा मोह सोड.

राउटर नेटवाल्या कंपनीचे आहेत की तुम्ही विकत घेतलेले ते बघ, कंपनीचे असले तर कनेक्शन सोडताना परत द्यायचे असतात, कदाचित डिपॉझिटही अडकलेलं असेल.

जे फोन उठतील त्यांचं काय, तर त्याच दिवशी माणूस ठरव. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई, सोसायटीतला सफाईवाला, गावाकडची पुतणी, कोणाला खरंच हवाय ते आधी विचार आणि देताना चालू करून, चार्जरसकट दे. तुटका फोन देऊन 'बघा दुरुस्त होतो का' म्हणणं म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या घरात ठेवणं, ते नको. एखाद्याची नुसती बॅटरी गेली असेल किंवा काच फुटली असेल तर एमजी रोडवर एक चक्कर मार, दोन-तीन दुकानांत विचार, खर्च बेताचा असेल तर करून घे. टॅब तुमच्या घरातच लागेल असं मला वाटतं, सासूबाईंना कीर्तन-भजन मोठ्या पडद्यावर आणि मोठ्या अक्षरात पेपर, त्यात सिमकार्डची गरजच नाही. जुना फोन स्वयंपाकघरात रेडिओ म्हणूनही छान चालतो, फक्त असा फोन चोवीस तास चार्जिंगला लावून ठेवू नका, त्यानेच बॅटरी फुगते.

आता मिस्टरांची भीती. ती खरी आहे, तिला हसून सोडून देऊ नकोस. देण्याआधी फोटो आणि नंबर दुसरीकडे उतरवून घ्यायचे, सिम आणि मेमरी कार्ड काढायचं (मेमरी कार्ड विसरणारे इतके लोक बघितलेत मी!), मग सेटिंगमधे जाऊन गूगल अकाउंट काढायचं आणि त्यानंतर फॅक्टरी रीसेट, म्हणजे फोन आतून सगळा पुसून नव्यासारखा करायचा. हा क्रम महत्त्वाचा, अकाउंट न काढता उलट्या मार्गाने रीसेट मारला तर पुढच्या माणसाला फोन सुरू करताना तुमचाच जुना ईमेल आणि पासवर्ड मागत बसतो आणि फोन असून नसल्यासारखा होतो. आयफोन असेल तर 'फाइंड माय', म्हणजे हरवलेला फोन शोधायची सोय, बंद करायला विसरायचं नाही. हल्लीच्या फोनमधे सगळा डेटा मुळातच कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट केलेला असतो, रीसेट केला की त्याची किल्लीच पुसली जाते. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या अँड्रॉइडमधे तसं आपोआप नव्हतं, तर अशा फोनमधे सिक्युरिटीत जाऊन आधी 'एन्क्रिप्ट फोन' करायचं, त्याला तासभर लागतो, चार्जर लावून ठेवायचा, आणि मग रीसेट. जो उठतच नाही तो रिपेअरवाल्याकडे तुमच्यासमोर दुसरी बॅटरी लावून बघता येईल. तरीही नाहीच उठला तर हातोडा घेऊन फोडू नका, आत बॅटरी असते. असा फोन नोंदणी असलेल्या रिसायकलरलाच द्यायचा आणि पावती घ्यायची. कोणालाही फोन देण्याआधी *#०६# दाबून येणारा आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख-नंबर, वहीत लिहून ठेव, कोणाला कोणत्या तारखेला दिला तेही लिही. म्हणजे उद्या त्या फोनचं काही निघालं तर तुमच्याकडे लेखी असेल.

भंगारवाल्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण त्याला लोक उगाच चोर ठरवतात. लोखंड, रद्दी, बाटल्या, हे सगळं आपल्या देशात पुन्हा वापरात येतं ते याच लोकांच्या जिवावर, त्यांना मान द्यायलाच हवा. पण त्याच्या गाड्यावरून मोबाइल पुढे जातो तो बऱ्याचदा कुठे जातो? हातातून हातात जात दिल्लीचं सीलमपूर, उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद असल्या ठिकाणी. तिथे वर्षानुवर्षं असा माल उघड्यावर फोडला गेलाय, तांब्यासाठी वायरी जाळायच्या, सर्किटच्या पाट्या तापवून चिप सुट्या करायच्या, सोन्यासाठी ॲसिडमधे बुडवायच्या, आणि उरलेलं पाणी गटारात. वायरीवरचं प्लास्टिक जळताना डायॉक्सिनसारखी विषं निघतात, जुन्या डागकामात शिसं असतं, आणि हे काम करणाऱ्यांत बायका-मुलंही असतात, हातमोजे नाहीत, मास्क नाही. तुला मिळणाऱ्या त्या चारशे रुपयांत हे सगळं आहे. शिवाय निव्वळ व्यवहार म्हणून बघितलंस तरी एकटा चालू टॅबच चारशेच्या वर जाईल बहुधा. भंगारवाल्याला पितळ दे, पत्रा दे, रद्दी दे, अगदी तो बिस्किटाचा डबाही दे, पण बॅटरी आणि सर्किट असलेलं काही देऊ नकोस.

मग द्यायचं कोणाला? २०२२चे ई-कचरा व्यवस्थापन नियम १ एप्रिल २०२३पासून लागू झालेत. त्यात शंभरावर प्रकारच्या वस्तू आहेत, मोबाइल, टॅब, राउटर, ट्रिमर, अगदी बॅटरीवरची खेळणीसुद्धा, आणि बनवणाऱ्या कंपनीवर त्या वस्तूच्या शेवटाची जबाबदारी टाकलेली आहे. त्यामुळे ज्या ब्रँडची वस्तू आहे त्याच्या सर्व्हिस सेंटरमधे जाऊन सरळ विचारायचं, जुना माल कुठे जमा करता, लाजायचं कारण नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या साइटवर नोंदणी असलेल्या रिसायकलरची यादी असते, त्यात महाराष्ट्रातले बघ. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था घरोघरचा असला जुना माल गोळा करते आणि हे मला फार आवडतं, कारण वर्षानुवर्षं कचऱ्यात हात घालून काम करणाऱ्या बायकांनाच यातून रीतसर काम मिळतं. तुमच्याकडे महापालिकेच्या विभागीय ऑफिसात फोन करून संकलन कधी-कुठे असतं ते विचार. फार थोडा माल असला की कोणी न्यायला येत नाही ही अडचण खरी आहे, पण तू नवीन सोसायटीत जातेयस ना? तिथे वर्षातून दोनदा, दिवाळीच्या साफसफाईत आणि मार्चमधे परीक्षा संपल्यावर, गेटवर एक खोकं ठेवायचं ठरवा. चाळीस घरांचा माल जमला तर रिसायकलरची गाडी यायची शक्यता कितीतरी जास्त, आणि नव्या शेजाऱ्यांशी ओळखही होते. सुट्या बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावून वेगळ्या द्या.

'एवढ्याशा वस्तूंनी काय फरक पडतो' हे तू विचारलंस. एका मोबाइलमधे सोनं असतं जेमतेम ३०-३५ मिलिग्रॅम, त्याने काही होत नाही, बरोबर. पण १० लाख मोबाइल एकत्र केले की साधारण ३४ किलो सोनं, ३५० किलो चांदी आणि जवळपास १६ टन तांबं निघतं. टोकियो ऑलिंपिकची पदकं आठवतात? आपल्या नीरज चोप्राचं सोनं, मीराबाईची चांदी? त्या स्पर्धेच्या सुमारे ५,००० पदकांचा धातू जपानमधल्या लोकांनी घरातून काढून दिलेल्या जुन्या वस्तूंमधून काढला होता. एप्रिल २०१७ ते मार्च २०१९, दोन वर्षं गावोगाव खोकी ठेवली होती, त्यात ६२ लाखांच्या आसपास मोबाइल जमले, आणि बाकीच्या छोट्या वस्तूंचं मिळून ३२ किलो सोनं निघालं. तिथेही प्रत्येक घरातून एखाद-दुसराच फोन आला असणार, तुझ्या डब्यासारख्याच कुठल्या तरी डब्यातून. आणि दुसरी बाजू बघ, २०२२ या एका वर्षात जगभरात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला, त्यातला पाव हिस्सासुद्धा नीट गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद नाही. त्यात आपला देश पहिल्या तिनात आहे.

आणि रिसायकल करण्यापेक्षाही वापरत राहणं बरं, हे मिस्टरांना सांग, त्यांना आवडेल. फोनमुळे जे प्रदूषण होतं त्यातलं बहुतेक तो तयार होतानाच होऊन गेलेलं असतं, त्यामुळे हातातला फोन अजून दोन वर्षं चालवला तर तेवढं टळतं. सध्या वापरताय ते फोन मंद झालेत असं वाटलं तर नवीन बघायच्या आधी बॅटरी बदलून बघा.

राहिला सासऱ्यांचा मोबाइल. त्यासाठी सासूबाईंशी वाद नको, त्यांच्यासोबत बस. जुन्या साध्या फोनची बॅटरी निघते, बऱ्याच मॉडेलना बीएल-५सी नावाची चालते आणि ती अजून दुकानात सहज मिळते, जुनी फुगली असेल तर ती वापरू नका, नवीन घाला. चार्जर बारीक गोल पिनचा लागेल, तुझ्या त्या गुंत्यात असणारच. फोन सुरू झाला की आत काय आहे ते त्यांनाच बघू दे. रेकॉर्डिंग असतील तर मेमरी कार्डवर किंवा ब्लूटूथने उतरवता येतात, फाइलच्या नावामागे 'एएमआर' दिसेल, ती व्हीएलसी प्लेयरवर वाजते. मेसेज उतरत नसतील तर सरळ दुसऱ्या मोबाइलने पडद्याचे एकेक फोटो काढा. हाताने साठवलेली नावं बघा, सासूबाईंचा नंबर त्यांनी काय नावाने ठेवला होता ते बघा. सगळं दोन ठिकाणी कॉपी करून ठेवा, त्यातली एक त्या टॅबवर, म्हणजे सासूबाईंना वाटेल तेव्हा स्वतः ऐकता येईल.

मग त्या म्हणाल्या फोन द्या तर द्या, नाही म्हणाल्या तर बॅटरी काढून त्यांच्या कपाटात राहू दे. बाकीच्या सहांचं मात्र रविवारी ठरवा.